ओंडक्यावरचा दुसरा घाव

टेबलाच्या मधोमध ओंडक्याची चकती ठेवलेली होती. परातीएवढी रुंद, चार बोटं जाड, कालच करवतीवर कापून घेतलेली. चहाचे कप तिच्या कडेकडेने कसेबसे मावले होते आणि माणसंही तशीच अंग चोरून बसली होती.

"पाहुणे चार वाजता येणार," थोरले म्हणाले. "त्याआधी मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. हा छाप कुणी मारला?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. थोरल्यांना ते अपेक्षितच होतं. तीस वर्षं या खुर्चीवर बसून ते माणसांचे चेहरे वाचत आले होते आणि घरच्यांचे चेहरे वाचायला तर आपल्याला चष्माही लागत नाही, असा त्यांचा समज होता.

छाप नानांचा होता, गोलात तीन उभ्या रेघा. नाना म्हणजे थोरले, अक्का आणि धाकटे या तिन्ही भावंडांचे वडील. ते जहाजाने आफ्रिकेत जायचे, रानात फिरून स्वतः ओंडके निवडायचे आणि पसंत पडलेल्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याने हा छाप उठवायचे. असे हातोडे जगात दोनच. एक इथे, गिरणीच्या माडीवरच्या याच खोलीत, भिंतीवर दोन खिळ्यांना आडवा टांगलेला. दुसरा समुद्रापलीकडे, नानांच्या म्हाताऱ्या एजंटाच्या घरी. तो एजंट दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून थोरले तिकडच्या राजधानीतल्या एका मोठ्या कंपनीकडून माल मागवत होते आणि कंपनीच्या ओंडक्यांवर नुसते निळ्या रंगाचे आकडे असत. गेल्या महिन्यात शेवटच्या जहाजातून चाळीस ओंडके उतरले, ते मात्र नानांचा छाप मिरवत.

शेवटचं जहाज म्हणायचं कारण तिकडच्या सरकारने अख्खं लाकूड देशाबाहेर पाठवायला बंदी घातली होती. लाकूड हवं ना, मग इथे या, कारखाना टाका, इथल्या माणसांना काम द्या आणि तयार माल घेऊन जा, असा त्यांचा आता रोखठोक कारभार होता. ओंडका गरगर फिरवत, पेन्सिलीला टोक काढावं तसा त्याचा पातळ पापुद्रा सोलणारं गिरणीतलं मोठं मशीन उचलून तिकडे बंदराजवळ बसवायचं आणि तेही तिथला भागीदार घेऊन. भागीदार कोण, ते आज पाहुणे, म्हणजे तिकडच्या सरकारची माणसं, सांगणार होते. जमलं तर गिरणी तरली. नाही जमलं तर यार्डात सहा आठवड्यांचं लाकूड होतं आणि खाली ऐंशी माणसं कामाला होती.

"बाबा, माल एक नंबर आहे," थोरल्यांची लेक म्हणाली. यार्ड तीच सांभाळायची. "चाळीसच्या चाळीस सरळ. एकालाही चीर नाही. मी काम बघायला लागल्यापासून असा माल उतरलेला नाही."

"तेच तर म्हणतोय मी! इतका चांगला माल आपल्याला कुणी का द्यावा?"

वाईट माल आला तर बाबा पाठवणाऱ्यावर संशय घेत, चांगला आला तर घरच्यांवर. लेकीने कप उचलला आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

थोरल्यांनी चकतीवर बोट टेकवलं. "ही डावी कड बघा, कशी खोल गेलीय. डावखुऱ्याचा घाव आहे. या घरात डावखुरं कोण?"

सगळ्यांनी धाकट्यांकडे बघायचं टाळलं, त्यामुळे कोण ते आपोआपच कळलं. धाकट्यांचा कप डाव्या हातात होता. त्यांनी तो सावकाश उजव्यात घेतला, मग स्वतःचाच राग येऊन परत डाव्यात घेतला.

"आणि हा शेजारचा खळगा. इथे दुसऱ्या कुणाचा तरी छाप होता. तो ठेचून काढलाय आणि बाजूला आपला मारलाय. या घरातलं कुणीतरी तिकडे जाऊन नानांच्या छापावर स्वतःचं दुकान मांडतंय. चार वाजता ज्या भागीदाराचं नाव पुढे येईल, त्याच्या आडून कोण बोलतंय ते मला आत्ता कळायला हवं."

"नाव घे ना माझं," धाकटे म्हणाले. "एवढा वळसा कशाला?"

"पासपोर्ट दाखव."

"दादा, काहीतरीच काय!" अक्का म्हणाल्या.

"अक्का, तू मध्ये पडू नकोस. पासपोर्ट दाखवू दे त्याला. विषय संपला."

धाकटे उठले. खुर्ची इतक्या जोरात मागे सरकली की खालच्या मशीनच्या आवाजातही ऐकू आली.

*

धाकटे परत येईपर्यंत अक्कांनी दोन वेळा पदर सारखा केला आणि चारदा घड्याळ बघितलं. अक्का मधल्या. गिरणीत त्यांचा तिसरा हिस्सा होता, म्हणून दोन्ही भाऊ त्यांच्याशी गोड बोलत, आणि हे कळत असूनही त्यांना ते आवडायचं. नवरा गेल्यावर चार वर्षं त्या नानांबरोबर तिकडे राहिल्या होत्या. नानांची पत्रं लिहायच्या आणि बाजारात भांडण्यापुरती तिकडची भाषाही शिकल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवून काढली होती. आज कुठला तरी एक हात काढावा लागणार, असं त्यांना सकाळपासून वाटत होतं.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती. घाव डावखुऱ्याचा होता, यात शंका नव्हती. लहानपणी तिघांना नानांनी हाच खेळ लावला होता, छाप बघून कुणाचा हात ते ओळखायचं. थोरल्याने ओळखण्यात बक्षिसं मारली, पण हातोडा कधी धरला नाही. रानात तो कधी गेलाच नाही. कार्यालय, बँक, वकील ही त्याची रानं.

धाकट्यांनी पासपोर्ट चकतीवर आपटला. थोरल्यांनी तो उघडला, पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आले.

"दीड वर्षापूर्वीच मुदत संपलीय," धाकटे म्हणाले. "याच्यावर मला बंदराच्या फाटकाबाहेरसुद्धा कुणी सोडणार नाही. आणि नवा काढला नाही, कारण माल आता कंपनीकडून येतो, तुझं तिकडे काय काम, असं तूच म्हणालास. याच खोलीत."

अक्कांचा जीव भांड्यात पडला. त्या भावाकडे बघून हसणार, एवढ्यात थोरले म्हणाले, "दुसरा काढला असशील."

"दादा, अरे तोंडाला काही धरबंध?" अक्का म्हणाल्या.

"का? सोपं आहे की. घरातच माणूस आहे." थोरल्यांनी मान वळवली. "काय जावईबापू? पासपोर्ट तुमच्याच खात्यातून निघतात ना?"

*

जावई परराष्ट्र खात्यात होते, पण व्यापार विभागात. पासपोर्टाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता आणि हे त्यांनी सासऱ्यांना लग्नाच्या बैठकीपासून आजवर निदान वीस वेळा समजावलं होतं. आज त्यांनी समजावलं नाही. ते आल्यापासून पाण्याचा एकच पेला हातात धरून बसले होते.

बंदीची गोष्ट त्यांना सहा महिने आधी कळली होती. बोलणी चालू होती, तोंड उघडायची सोय नव्हती. बायकोलासुद्धा सांगितलं नाही आणि त्याबद्दल ती दोन महिने त्यांच्याशी कामापुरतीच बोलत होती. पूर्वी तिकडचे मंत्री आले की जावयांच्या खात्याच्या बाकावर तासभर ताटकळायचे. आता जावई तिकडे जात आणि तिथल्या बाकावर आणखी चार देशांची माणसं आधीच बसलेली असत. कुणी बंदर बांधून दिलेलं, कुणी रस्ता, कुणी दवाखाना. यजमान सगळ्यांना हसून चहा विचारत आणि कुणालाच हो म्हणत नसत. अशा वेळी आपल्या हातात काहीतरी असावं लागतं, असं त्यांचे साहेब सारखे म्हणायचे. परवा साहेबांच्या हातात काहीतरी आलं होतं.

"बाबा," जावई म्हणाले, "तुम्ही आमच्या साहेबांना पत्र लिहिलंत. मला वगळून."

थोरल्यांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लेकीला सांगितलं असतं आणि तिने काकाला."

"कसलं पत्र?" लेकीने विचारलं.

"आपला छाप परवानगीशिवाय वापरला गेलाय. तो कुणी वापरला, आणि आपल्या घरातलं कोण तिकडे येऊन गेलं, याची तिथल्या सरकारकडून चौकशी व्हावी," थोरले म्हणाले.

धाकटे हसले. ते हसणं ऐकून अक्कांनी डोळे मिटले. "म्हणजे माझ्यावर पाळत ठेवायला तू सरकार कामाला लावलंस? दोन सरकारं? दादा, मला विचारायला पायऱ्या किती उतराव्या लागतात? चौदा!"

"तू खरं बोलला असतास?"

"पुढचं ऐका," जावई म्हणाले. "आज सकाळच्या बैठकीत ते लोक जकातीवर अडून बसले होते. साहेबांनी तुमचं पत्र पुढे सरकवलं. तुमच्याकडे खोटे छाप मारले जातात, आमच्या व्यापाऱ्यांनी भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा, म्हणाले. सरकवलं त्यांनी, पण वाचून दाखवलं मी." त्यांनी पेला खाली ठेवला. "त्यांना ते फार लागलं. कारभार स्वच्छ आहे हे सगळ्यांना दाखवायचंय त्यांना. तासाभरात तिकडून फोन आला. ओंडके कंपनीने ज्या यार्डातून उचलले, त्या यार्डाचा परवाना बंद केलाय."

"कुणाचं यार्ड?" धाकट्यांनी विचारलं.

"एका बाईचं. वडील एजंट होते म्हणे. आणि बारा वाजता पाहुण्यांची सुधारलेली यादी आली. पाच होते, चार झाले. पाचवी तीच होती. तिला परत धाडलं."

लेकीने भिंतीकडेच्या खुर्च्यांकडे बघितलं. सकाळी तिने स्वतः पुसून पाच मांडल्या होत्या.

"भागीदार," ती म्हणाली. "बाबा, भागीदार ती होती."

धाकटे चकतीवर वाकले होते. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. रागावलेला माणूस पुरावा कशाला बघतो? आता त्यांनी डावा अंगठा छापाच्या खोल कडेवर ठेवला आणि मग शेजारच्या खळग्यात.

"सुतारपक्षी," ते म्हणाले.

"कोण?"

"एजंटाची मुलगी. सात-आठ वर्षांची होती. दिसेल त्या ओंडक्यावर ठोकत सुटायची, म्हणून मी तिला सुतारपक्षी म्हणायचो. माझ्या पाठीमागे उभी राहून हातोडा मारायला शिकली. जेवायची उजव्या हाताने, लिहायची उजव्या हाताने, पण हातोडा डाव्याच हाताने. मी तसा मारायचो ना, म्हणून."

"बरं मग हा ठेचलेला छाप?" थोरले म्हणाले, पण आवाजातली धार गेली होती.

"ठेचलेला नाहीये तो, दादा. हातोड्याची मागची बाजू आहे. छाप मारायचा आणि शेजारी उलटा एक घाव घालायचा. याचा अर्थ, हा राखून ठेवलाय, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचासुद्धा नाही. नाना करायचे, मी करायचो, एजंट करायचा."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस!"

अक्कांना आता ते रान दिसलं, नाना दिसले, उलट्या घावाचा तो बोदा आवाज ऐकू आला. त्यांना हे माहीत होतं. इतक्या वर्षांत विसरल्या होत्या, आणि गेला तासभर भावाच्या डाव्या हाताकडे बघत बसल्या होत्या. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"बंदी येणार हे कळल्यावर तिने चाळीस चांगले ओंडके बाजूला काढले," धाकटे सावकाश म्हणाले. "कंपनी माल उचलायला आली तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव विचारलं असणार. आपलं नाव निघालं आणि तिने ते दिले."

थोरल्यांनी घड्याळ बघितलं. पावणेचार झाले होते.

*

पाहुणे वेळेवर आले. तीन पुरुष आणि त्यांच्या प्रमुख बाई, हातात पातळ निळी फाइल. पाचवी खुर्ची उचलायला लेक पुढे झाली होती, पण धाकट्यांनी मानेनेच नको म्हटलं, म्हणून ती तशीच रिकामी राहिली. जावई दुभाष्याचं काम करत होते.

"जे घडलं त्याबद्दल आम्हाला खेद आहे," प्रमुख बाईंनी सुरुवात केली. "जबाबदार व्यक्तीला आम्ही दूर केलंय. तुमच्यासारख्या जुन्या घराण्याला त्रास व्हायला नको होता. आता भागीदार म्हणून राजधानीतली मोठी कंपनी तयार आहे. तुमचं त्यांच्याशी काम चालूच आहे. जागा ठरलीय. सही झाली की महिन्याभरात मशीन हलवता येईल."

कागद चकतीशेजारी येऊन पडला. लेक बापाकडे बघत होती. सही करायची आणि गप्प बसायचं, एवढंच होतं. खाली ऐंशी माणसं होती. तिकडच्या एका बाईचं काय झालं हे या गावात कुणाला कळणारही नव्हतं. बाबा सही करतील असं तिला वाटलं, आणि भीती ही वाटली की ते तसं करतील तर आपल्याला आतून थोडं सुटल्यासारखंच वाटेल.

थोरल्यांनी पेन उघडलं, बंद केलं.

"त्यांना सांगा," ते जावयांना म्हणाले, "पत्र मी लिहिलं. खोटं लिहिलं. त्या मुलीने काही चुकीचं केलेलं नाही. मला माझ्या भावावर संशय होता, म्हणून मी तिला गुन्हेगार ठरवलं. तक्रार मी मागे घेतो."

जावई बोलले. त्यांचं वाक्य फारच छोटं होतं.

अक्का एकदम म्हणाल्या, "असं नाही म्हणाला तो. तुम्ही म्हणालात, थोडा गैरसमज झाला."

"आत्या, अहो शिष्टाचार असतो—"

"राहू दे तुमचा शिष्टाचार." आणि अक्कांनी बाजारात भांडण्यापुरत्या भाषेत, अडखळत, पण एकही शब्द न गाळता थोरल्यांचं बोलणं पुन्हा सांगितलं. भावावरचा संशयसुद्धा. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

प्रमुख बाईंनी फाइल मिटली आणि त्या अक्कांना समजेल अशा बेताने, सावकाश बोलल्या. अक्का वाक्यावाक्याला सांगत गेल्या.

"त्या म्हणतात, तुम्ही बोललात ते मी ऐकलं. पण पत्र आता तुमचं राहिलं नाही. तुमच्या सरकारने ते आमच्या सरकारला दिलं. आज तुम्ही नाही म्हणालात म्हणून आम्ही उद्या परवाना परत दिला, तर सकाळी आम्ही घाई केली असं दिसेल. आणि आम्ही घाई केली असं दिसणं आत्ता आम्हाला परवडत नाही." अक्का थांबल्या.

"पुढे?" थोरले म्हणाले.

"त्या म्हणतात, या जागेसाठी आठ जण मागे लागले होते. तुमचं नाव त्या मुलीने सुचवलं. ही माणसं एकदा छाप मारला की शब्द फिरवत नाहीत, असं तिने लिहून दिलं होतं."

थोरल्यांनी कागद सही न करताच परत त्यांच्याकडे सरकवला. "तिच्याशिवाय मशीन हलणार नाही."

बाई उठल्या. दाराशी जाऊन वळल्या आणि हसत काहीतरी म्हणाल्या. यावेळी जावयांनी सांगितलं, "सहा आठवडे आहेत तुमच्याकडे, विचार करा म्हणतात."

गाडी फाटकाबाहेर गेली. मग थोरले म्हणाले, "यार्डात सहाच आठवड्यांचं लाकूड आहे, हे त्यांना कुणी सांगितलं?"

प्रत्येकाने एकेकदा दुसऱ्याकडे बघून घेतलं.

*

संध्याकाळी उन्हं उतरताना धाकटे यार्डात ओंडक्यांपाशी उभे होते. चाळीस तोंडं, चकतीसाठी कापलेलं एक कोरं, बाकी एकोणचाळीसांवर छाप आणि प्रत्येकाशेजारी तो खळगा. सुतारपक्षी एकही ओंडका विसरली नव्हती.

मागे पावलं वाजली. थोरले आले होते, हातात भिंतीवरचा हातोडा. चौदा पायऱ्या उतरून आले होते.

"दाखव," ते म्हणाले. "राखून ठेवायचं कसं मारतात ते दाखव."

धाकट्यांनी हातोडा त्यांच्या हातात उलटा धरवला. थोरल्यांनी चकतीसाठी कापलेल्या ओंडक्याच्या कोऱ्या तोंडावर एक घाव घातला. हातोडा निसटून पायाशी पडला.

"मनगट सैल सोड."

थोरल्यांनी हातोडा उचलला आणि दुसरा घाव बसला. वेडावाकडा, पण बसला. थोरले त्या खळग्याकडे बघत म्हणाले, "उद्या पासपोर्टचा अर्ज कर. माझाही करतो. तिच्या दारात जाऊन बोलू आपण. सरकार काय करायचं ते करेल, पण तिने ते आपल्या तोंडून ऐकलं पाहिजे."

"तू येणार? तिकडे?"

"का, येऊ नको?"

"ये की," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी परत दिलेला हातोडा घेऊन त्यांनी दांड्यावरची माती पुसली. भाऊ तेवढ्या वेळात ओंडके मोजत निघाला होता, एकेकाच्या छापावर हात ठेवत. हा खरंच माफी मागायला येतोय की आपल्यावर लक्ष ठेवायला, असं धाकट्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ओंडक्यांच्या दुसऱ्या टोकापासून मोजायला सुरुवात केली, दादाचा आकडा बरोबर येतोय का ते बघायला.